जावळीच्या नसलेल्या शालनबाई

पुनावळ्याच्या त्या सोसायटीत घरटी एक बुद्ध होता. कुणाच्या टीव्हीखाली डोळे मिटून बसलेला, कुणाच्या गॅलरीत कारंज्याच्या पाण्यात भिजणारा, आणि अध्यक्ष उद्धवरावांच्या शोकेसमध्ये तर पोट सोडून हसणारा. नव्हता तो फक्त तळमजल्यावरच्या शालनबाई मोरेंच्या हॉलमध्ये. त्यांचा बुद्ध आतल्या खोलीत होता, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी, आणि डबे न्यायला माणसं यायची वेळ झाली की त्या खोलीचं दार त्या ओढून घेत.

डब्यांवरच बाईंचं घर चालत होतं. नवरा कोंडीराम चाकणच्या एका कंपनीत, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होता. तो गेल्यावर कंपनीकडून जे मिळालं त्यातून त्यांनी ही एका बेडरूमची जागा घेतली. मूलबाळ नव्हतं. चाकणला शिफ्ट करणारी एकटी पोरं, दोघंही नोकरीला जाणारी हिंजवडीची जोडपी, आणि बायको वारल्यापासून उद्धवराव, असे सगळे त्यांच्या हातचं खात. त्यातही येसरची आमटी म्हणजे बाईंचं नाव. ज्वारी, डाळी, धने, खोबरं खमंग भाजून दळलेलं ते लातूरकडचं पीठ, त्याची ती आमटी. बाई येसर घरीच भाजत, आणि भाजायच्या दिवशी जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत वास जाई. आमटीच्या दिवशी उद्धवराव डब्याची वाट न बघता स्वतःच वाटी घेऊन खाली उतरत. चिंचवडच्या कंपनीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण वाटी पुढे करताना अगदी शाळकरी होऊन जाई. ‘‘शालनबाई, ही चव शिकून येत नाही हो. ही घराण्यातच असावी लागते,’’ असं ते दर वेळी म्हणत. बाई मान खाली घालून वाटी भरत.

आता या घराण्याची गोष्ट. लग्नानंतर दोघं नवराबायको खोली शोधत या भागात फिरत होती. जिथं जावं तिथं आधी नाव, मग गाव, आणि मग हळूच ‘‘पाहुणे कुठले?’’ ज्याला जात सरळ विचारायची लाज वाटते आणि विचारल्याशिवाय चैनही पडत नाही, तो पाहुणे कुठले म्हणतो. पाहुण्यांची गावं निघतात, आडनावं निघतात, मामाचं आडनाव निघतं, आणि मग खोली कालच कुणाला तरी दिलेली असते. पुनावळ्यात दुर्गाबाई नावाच्या जुन्या गावकरी बाईंनी मात्र पाहुण्यांपर्यंत जायचीही तसदी घेतली नाही. ‘‘मोरं? म्हंजी जावळीचं मोरं व्हय?’’ त्यांनीच प्रश्न केला आणि त्यांनीच उत्तरही पुरवलं. कोंडीराम तोंड उघडणार तोच शालनबाईंनी मान हलवली. तेवढंच केलं. खोली मिळाली, दुर्गाबाईंनी वर चहाही पाजला, आणि त्या दिवसापासून या दोघांचं मूळ गाव औशाजवळ असून घराणं मात्र जावळीचं झालं.

कोंडीरामला ते कधी पचलं नाही. पण खोलीचं भाडं वेळेवर जात होतं, डब्यांना गिऱ्हाईक लागत होतं, आणि रोज रात्रपाळीहून दमून येणारा माणूस घराण्यावरून किती भांडणार? तो गेला आणि मग हे खोटं सांभाळायला शालनबाई एकट्याच उरल्या. संशय हा त्यांचा स्वभाव होऊन बसला. कुणी गाव विचारलं की हा का विचारतोय. बरेच दिवस कुणी विचारलं नाही की यांना कळलं असणार, म्हणून विचारत नाहीत. एखाद्या दिवशी डबा न संपता परत आला तर पोरगा आजारी असेल, बाहेर खाऊन आला असेल, असं मनात यायच्या आधी, आदल्या दिवशी दारात आपण काय बोललो ते त्या आठवू लागत. भीमजयंतीला त्या कुलूप लावून बाहेर पडत. मग एका वर्षी त्यांना वाटलं, दर एप्रिलला नेमकं त्याच दिवशी कुलूप दिसतं हे कुणी ताडलं तर? त्या वर्षी त्या घरात बसून डबे करत राहिल्या आणि दिवसभर स्वतःवरच चिडल्या.

या सगळ्याची किंमत भरत होती ती देहूरोडची चतुराबाई. कोंडीरामची थोरली बहीण, म्हणजे शालनबाईंची नणंद, आणि जवळचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस. कोंडीराम गेल्यावर ती एकदा न सांगता सोसायटीच्या गेटवर येऊन उभी राहिली. पांढरं पातळ, गळ्यात निळ्या मण्यांत ओवलेलं बाबासाहेबांचं पदक, हातात भावजयीसाठी आणलेली भाजी. शालनबाई लगबगीनं गेटवर गेल्या आणि नणंदेला घरात न आणता रस्त्यापलीकडच्या टपरीवर घेऊन गेल्या. ‘‘घरात रंगकाम चालू हाय,’’ म्हणाल्या. चतुराबाईनं तिथंच चहा घेतला, भाजी दिली आणि बस पकडली. त्यानंतर ती कधी आली नाही. शालनबाईच मधूनमधून देहूरोडला जात, आणि सोसायटीत सांगत की तिथल्या बाजारात मिरची चांगली मिळते.

असं सगळं बऱ्यापैकी बसलेलं असताना योगिनीनं चॅलेंज काढलं.

योगिनी तिसऱ्या मजल्यावरची, चाकणच्या एका परदेशी कंपनीत एचआरमध्ये. तिच्या हेडऑफिसनं तिकडच्या काळ्यांवर होणाऱ्या अन्यायाबद्दल एक उपक्रम चालवला होता. रोज थोडं वाचायचं, थोडं ऐकायचं, आपण कुणाशी कसं वागतो ते स्वतःला विचारायचं. पोरगी भारावली. ‘‘तिकडे रंग, इकडे जात. आपल्या सोसायटीपासून सुरुवात करूया ना!’’ म्हणत तिनं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘समता चॅलेंज’ सुरू केलं. सकाळी एक काम पडे. ज्यानं केलं त्यानं खाली हिरवी टिक टाकायची. टिका धडाधड पडू लागल्या. लोकांनी वाचलं किती ते देव जाणे, पण पार्किंगच्या भांडणानंतर सोसायटीत एवढा उत्साह कुणी पाहिला नव्हता. ‘तुम्हाला स्वतःची जात पहिल्यांदा कधी कळली?’ असा एक प्रश्न आला, त्यावर उद्धवरावांनी लिहिलं, ‘आमच्याकडे जात मानतच नाहीत,’ आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. त्याखाली बाकीच्यांनी तसेच हात जोडले.

शालनबाईंची मात्र झोप उडाली. हे सगळं आपल्यासाठीच रचलंय, याची त्यांना जवळजवळ खात्री झाली. इतकी शिकलेली पोरगी, महिन्याच्या महिन्याला एवढा पगार, हिला उगाच जातीचं सुचतं? कुणीतरी कानाला लागलं असणार. औशाकडचा एखादा इंजिनियर कंपनीत भेटला असेल, नाहीतर देहूरोडला बसमधून उतरताना कुणी पाहिलं असेल. टिक टाकावी तर ‘यांना एवढी गोडी का’ वाटणार. न टाकावी तर ‘या का गप्प’ असं होणार. शेवटी त्यांनी युक्ती काढली. उद्धवरावांची टिक पडेपर्यंत फोन हातात धरून थांबायचं, आणि ती पडली की आपली टाकायची. ज्या दिवशी उद्धवराव विसरत त्या दिवशी बाईंचीही टिक नसे.

आणि मग योगिनी एका संध्याकाळी डबा न्यायला आली ती दारातून हललीच नाही.

‘‘मावशी, एक मदत हवी होती. शेवटचं काम जेवणाचं आहे. ज्यांच्या घरी आपण कधीच जेवलो नाही त्यांच्याकडे सगळ्यांनी जाऊन जेवायचं. एखादं बौद्ध कुटुंब मिळालं तर फार बरं होईल. तुम्ही देहूरोडला जाता ना? तुमच्या ओळखीचं आहे का कुणी?’’

शालनबाईंच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. ही पोरगी दोन वर्षं रोज बौद्ध घरातलंच जेवत होती, आणि आता बौद्ध घर शोधायला त्याच घराच्या दारात उभी होती. हसावं की दार लावावं हे त्यांना कळेना. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. चेहरा साधा होता. पण साध्या चेहऱ्याचाच त्यांना जास्त संशय यायचा. दुर्गाबाईंचाही चेहरा साधाच होता.

‘‘कुणी नाही’’ म्हणावं असं आधी ओठावर आलं. पण मग वाटलं, एवढ्या घाईनं नाही म्हटलं तर हिला हवं ते उत्तर मिळालंच. उलट, आपणच घर शोधून दिलं तर? जो दुसऱ्याचं घर दाखवतो त्याच्या घराकडे कोण बघणार? सगळ्यांबरोबर आपणही त्या घराच्या बाहेरचेच ठरू. विचार पक्का व्हायला आमटीला एक उकळी यायचाही वेळ लागला नाही.

‘‘बघते विचारून,’’ त्या म्हणाल्या.

रविवारी त्या देहूरोडला गेल्या. चतुराबाई ओसरीत बसली होती. संधिवातानं तिच्या हातांची बोटं वाकडी झाली होती, पण नजर होती तशीच होती.

‘‘आज कसं काय वाट चुकलीस? मिरची संपली व्हय?’’

शालनबाईंनी पाणी पिऊन घेतलं आणि जमेल तितकं सरळ सगळं सांगितलं. चतुराबाई ऐकत राहिली. मध्ये एकदा तिनं पदरानं तोंड पुसलं.

‘‘म्हंजी तुझ्या सोसायटीतली माणसं माझ्या घरी जेवायला येनार. का, तर आमी हलके म्हनून. आन् त्यास्नी हितं घेऊन येनार कोन, तर तू.’’

‘‘तसं न्हाई अक्का. ती शिकायला येऊ लागल्यात.’’

‘‘माझ्या ताटात काय शिकनार हायत? मला तर यात काहीतरी काळंबेरं वाटतंय. फोटो काढून कुठं लावनार असतील.’’ मग तिनं विचारलं, ‘‘आन् तू माझी कोन हायेस म्हनून सांगायचं?’’

शालनबाईंनी जमिनीकडे बघत सांगितलं, ‘‘मी त्या वेळेला इथं नसनार. सकाळी येऊन सैपाक करून देते, तुमच्या हातानं व्हनार न्हाई एवढा. त्येंच्या आधी निघून जाते. माझं नाव काढू नगा, अक्का. माझं पोट हाय त्यावर.’’

चतुराबाईनं आपली वाकडी बोटं एकदा चोळली. मग म्हणाली, ‘‘बरं. दिला शब्द.’’ तो इतक्या लवकर मिळाला की शालनबाईंना त्यातही शंका आली. बसमध्ये बसल्यावरही त्या विचार करत होत्या: अक्का सूड तर घेणार नाही? सगळ्यांसमोर सांगून टाकलं तर? टपरीवरचा तो चहा अक्का विसरली असेल, असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

ठरलेल्या दिवशी शालनबाई उजाडताच देहूरोडला पोचल्या. योगिनीला त्यांनी चतुराबाईचा पत्ता बाजारातल्या मिरचीवालीकडून मिळाला म्हणून दिला होता, आणि सोसायटीत सांगून ठेवलं होतं की आपल्याला यायला जमणार नाही, गावाकडचे पाहुणे येणार आहेत. भाकऱ्या थापल्या, वांगी भरली, शेंगदाण्याची चटणी कुटली. आमटीला चतुराबाईच्या डब्यात येसर नव्हतंच, म्हणून पिशवीतून आणलेलं स्वतःचं टाकलं. दुसरी कुठली आमटी करावी असं त्यांच्या मनातच आलं नाही. पाहुणे म्हटले की येसर, हे दोघींच्या माहेरासासरी ठरलेलं. चव ओळखू येईल ही शंका, जिला पानाच्या हलण्यातही शंका यायची त्या बाईला, फोडणी दिल्यावर आली. तेव्हा उशीर झाला होता.

आणखी एक उशीर झाला. मंडळी गाड्या करून आली ती सांगितल्या वेळेच्या आधीच. बाहेर गाड्यांची दारं वाजली, योगिनीचा ‘‘जय भीम, काकू!’’ ऐकू आला, आणि शालनबाईंना मागच्या दारानं निघायलाही वाट राहिली नाही, कारण मागच्या बोळातच गाड्या लावल्या होत्या. त्या स्वयंपाकघरात पडद्याआड उभ्या राहिल्या. चतुराबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सुनेसारखी लपलेली ती भावजय तशीच ठेवून ती बाहेर वाढायला गेली.

पंगत बसली. शालनबाईंचे कान पडद्याला चिकटले होते. आता कुणीतरी म्हणणार, ही तर आमच्या मावशींची आमटी. पण तसं कुणी म्हणालंच नाही. ‘‘छान आहे हं,’’ ‘‘वेगळी चव आहे,’’ ‘‘तुमच्याकडे असं करतात वाटतं,’’ असं देवळात बोलल्यासारखं हळू बोलणं चाललं होतं. सगळे शिकायला आलेले असल्यामुळे जेवायला कुणी आलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून उद्धवराव दिसत होते. त्यांनी वांग्याचा कोपरा मोडला होता, भाकरीचा एक घास खाल्ला होता, आणि आमटीची वाटी बोटानं हलकेच ताटाबाहेर सरकवली होती.

‘‘दादा, आमटी घ्या की,’’ चतुराबाई म्हणाली.

‘‘नको नको, भरपूर झालं. जरा उग्र आहे, आम्हाला सवय नाही ना असल्याची. तब्येतीला मानवत नाही.’’ उद्धवराव हसले. तोंडभर, शोकेसमधल्यासारखे.

शालनबाईंचा जीव भांड्यात पडला. ओळखलं नाही! आणि त्याच क्षणी त्यांना असा राग आला की पडदा हातात चुरगळला. परवाच या माणसानं दोन वेळा वाटी पुढे केली होती.

तेवढ्यात योगिनी ‘‘काकू, तुमचे हात दुखतात, भाकऱ्या मी आणते,’’ म्हणत पडदा सारून आत आली. समोर शालनबाई.

‘‘मावशी? तुम्ही इथे?’’

योगिनीच्या मागोमाग चतुराबाई आत डोकावली. शालनबाईंनी नणंदेकडे पाहिलं. आता सांगणार, त्यांना वाटलं. आता टपरीवरच्या चहाची परतफेड होणार.

‘‘त्या व्हय? त्यांना मीच बोलावलंय सैपाकाला,’’ चतुराबाई बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. ‘‘माझी बोटं ही अशी. म्हनलं, चार पैसे देऊन चांगल्या घरची बाई लावावी. वळख न्हाई पाळख न्हाई, पन बिचाऱ्या आल्या आमच्यासारख्याच्या घरी.’’

दिलेला शब्द तिनं अक्षरशः पाळला होता. सूड घेतला असता तर शालनबाईंना सोपं गेलं असतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि बाहेरून उद्धवरावांचा आवाज आला, एकदम मोकळा, ओळखीचा, वाटी घेऊन खाली येतात तेव्हाचा.

‘‘अहो, म्हणजे शालनबाईंच्या हातचं आहे होय हे! आधी नाही का सांगायचं! तरी म्हटलं वास ओळखीचा कसा येतोय.’’ वाटी ताटात परत ओढल्याचा आवाज झाला. ‘‘वाढा, वाढा आता. अजून आहे ना?’’

आणि बाकीचेही हसले. पंगतीत एकदम जीव आला. कुणी भाकरी मागितली, कुणी चटणी. माणसं जेवायला लागली.

शालनबाईंनी आमटीचं पातेलं उचललं आणि बाहेर आल्या. उद्धवरावांची वाटी काठोकाठ भरली. त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडून आमटीत बुडवला.

‘‘उद्धवराव,’’ बाई म्हणाल्या. बोली सोसायटीतली राहिली नव्हती. ‘‘ह्या चतुराबाई माझ्या सख्ख्या नणंद हायत. माझ्या नवऱ्याची थोरली बहीन. मला कुनी पैसे देऊन आनलं न्हाई. मी ह्याच घरातली हाय.’’

उद्धवरावांचा हात ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबला. भाकरीच्या तुकड्यावरून आमटी त्यांच्या मनगटावर ओघळू लागली. फोटोसाठी वर केलेला फोन योगिनीनं खाली घेतला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला काही ठाऊक नव्हतं हे शालनबाईंना आत्ता, इतक्या दिवसांनी, स्पष्ट दिसलं. त्याचं त्यांना बरं वाटलं नाही की वाईटही वाटलं नाही.

उद्धवरावांनी घास खाल्ला. मग दुसरा खाल्ला. खाली मान घालून, कुणाकडे न बघता, त्यांनी सगळी वाटी संपवली. चवीनं खाल्ली की लाजेनं, हे शालनबाईंना कळलं नाही, आणि उद्या ते वाटी घेऊन खाली येतील की नाही हेही सांगता आलं नसतं. किती डबे बंद होतील याचा हिशेब त्यांच्या मनात सुरू झालाच होता.

चतुराबाई मात्र चिडली होती. डोळ्यांत पाणी आणि तोंडात राग, असं दोन्ही एकदम.

‘‘शब्द घेतलास माझ्याकडनं, आन् तूच मोडलास. कशाला बोललीस? खानार काय आता तू?’’

चतुराबाईनं वाकड्या बोटांनी भिंतीला टेकवलेला पाट ओढला, स्वतःच्या शेजारी टाकला, आणि पंगतीकडे पाठ करून एक ताट वाढायला घेतलं.

‘‘बस हितं,’’ ती म्हणाली. ‘‘सकाळपासनं उपाशी हायेस.’’